संग्रहालयाच्या पाटीवर 'दासी' लिहावं का? (शब्दचर्चा)

विचारणा

पुण्यातल्या एका वाचनालयात 'घरातलं काम' या विषयावर छोटं प्रदर्शन लावतोय. जाती, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, वज्री, तांब्याचे हंडे अशा वस्तू पेठांमधल्या जुन्या घरांतून मिळाल्या आहेत. एक भिंत विकत घेतलेल्या माणसांसाठी ठेवली आहे. तिच्यावर पेशवाईतल्या बटकी आणि कुणबिणी, दख्खनमध्ये आणलेले हबशी म्हणजे आफ्रिकेतले लोक, आणि जोडीला अटलांटिकपलीकडे नेलेले आफ्रिकी लोक, असं सगळं थोडक्यात यायचं आहे. मराठी पाट्या मी लिहितेय.

मोठ्या जात्याखालच्या पाटीचा पहिला मसुदा असा होता: 'पेशवेकालीन जाते. वाड्यातील दासी यावर पहाटे धान्य दळीत असत.' व्याकरणाची चूक काढता येत नाही, पण हे वाचून कुणाला काही खुपतही नाही. पहाट, दळण, दासी, म्हणजे ओवी म्हणणारी बाई डोळ्यांपुढे येते आणि वाचणारा पुढच्या वस्तूकडे वळतो. तिला कुणीतरी पैसे मोजून आणलं होतं आणि तिला उठून आपल्या घरी जाता येत नव्हतं, हे त्या वाक्यात कुठेच नाही.

दासी, बटीक, कुणबीण, बांदी, लौंडी, गुलाम यांच्या अर्थांत नेमका फरक काय, आणि आजच्या वाचकासाठी पाटीवर यांतला कोणता शब्द घ्यावा?

प्रतिसाद (मोडी कागद वाचणारे एक सदस्य)

ताई, अठराव्या शतकातल्या मराठी व्यवहाराच्या कागदांत 'कुणबीण' आणि 'बटीक' हे नेहमीचे शब्द आहेत. 'कुणबीण' जपून वापरा. तिचा एक अर्थ कुणब्याची बायको, कुणबी समाजातली बाई. दुसरा अर्थ धन्याच्या मालकीची बाई, मग तिची जात कोणतीही असो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात दोन्ही अर्थ मिळतात. आज पहिलाच अर्थ जिवंत आहे. पाटीवर नुसतं 'कुणबीण' लिहिलंत तर एका मोठ्या समाजातल्या बायकांबद्दल भलतंच सांगितल्यासारखं होईल. शब्द टाळू नका, पण त्याच ओळीत अर्थ द्या.

दुसरं म्हणजे 'विकत घेतलेली' हे प्रत्येकीला लागू पडत नाही. काही जणी बाजारातून आल्या, काही दुष्काळात विकल्या गेल्या, काही स्वाऱ्यांमध्ये धरून आणल्या. बटकीच्या पोटी जन्मली म्हणून बटीक झालेलीही होती. आणि 'बदकर्म' म्हणजे व्यभिचार केल्याचा ठपका ठेवून बाईला सरकारात कुणबीण करून ठेवल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे गुलामगिरी ही बाईला दिलेली शिक्षाही होती. त्यांना कोठीत, गोठ्यात, पागेत कामाला लावत. कुणबीण मोकळी केल्याच्या नोंदीही सापडतात. कागद ज्या मार्गाबद्दल बोलतो, पाटीनेही त्याच मार्गाबद्दल बोलावं.

आणि तुमचं जातं नेमकं कुणी ओढलं याचा कागद नसेल, तर 'यावर दासी दळीत' असं ठाम लिहू नका. 'अशा जात्यांवर' म्हणा. दुःखाच्या इतिहासात एक जरी वाक्य ओढूनताणून बसवलेलं सापडलं, तरी ज्यांना काहीच मान्य करायचं नाही त्यांच्या हाती आपणच काठी देतो.

प्रतिसाद (निवृत्त मराठी शिक्षक)

'दासी' या शब्दाची अडचण त्याच्या भक्तीतल्या वापरात आहे. रामदास, तुळशीदास ही नावे आपण आदराने घेतो. जनाबाई स्वतःला 'नामयाची दासी' म्हणवते, तेव्हा ते शरणागतीचे आणि हक्काचेही बोलणे असते. सुमारे सातशे वर्षे कीर्तनातून कानावर पडलेला हा शब्द पाटीवर आला की तो आपोआप गोड होतो. शिवाय पौराणिक नाटकांमुळे दासी म्हटले की चवरी ढाळणारी, नटलेली बाई मनात येते.

'बटीक' मात्र अजून बोचतो. अडचण इतकीच की आजच्या मराठीत तो एकाच सांगाड्यात उरला आहे: 'सत्तेची बटीक', 'मालकांची बटीक'. ज्याच्यावर ताशेरे ओढायचे त्याला आपण बटीक म्हणतो. म्हणजे ज्या बाईवर अन्याय झाला तिचे नाव आपण लाचारीला दिले. मुलांना तर 'गुलाम' हा शब्द बहुधा पत्त्यांतून पहिल्यांदा भेटतो, राजा-राणीच्या खालचा.

एक शब्द मात्र पाटीवर चुकूनही येऊ देऊ नका: 'मोलकरीण'. किंवा 'नोकरचाकर', 'आश्रित'. मोलकरणीला तिच्या कामाचे मोल मिळते. बटकीचे मोल तिला विकणाऱ्याला मिळत असे. हा फरक पुसला की मग भिंतीवर काहीच उरत नाही.

मूळ विचारणा करणारी

सर, मोलकरणीचा मुद्दा अगदी नेमका आहे, तो मी भिंतीच्या सुरुवातीलाच घेतेय.

तुम्हा दोघांचं वाचल्यावर पाटी अशी केली: 'दगडी जाते. अठराव्या शतकात पुण्यातील मोठ्या वाड्यांमध्ये अशा जात्यांवर दळण्याचे काम अनेकदा बटकी करीत. या स्त्रियांना धनी विकत घेत, आंदण देत किंवा दुसऱ्याला विकत. कामाचा मोबदला त्यांना मिळत नसे आणि वाडा सोडून जाण्याची मुभा नसे. त्या काळच्या कागदांत त्यांना कुणबीण असेही म्हटले आहे. तेथे या शब्दाचा कुणबी समाजाशी संबंध नाही.' लांबली आहे खरी, पण यातलं काय कापायचं ते मला कळत नाही.

हे करताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. शब्द कोणता यापेक्षा वाक्यातला कर्ता कोण, हे जास्त महत्त्वाचं आहे. आपल्या सरकारी आणि संग्रहालयी मराठीला 'ठेवण्यात येत असे', 'आणले गेले', 'प्रथा होती' यांची फार सवय आहे. प्रथा कुणाची होती? आणलं कुणी? इंग्लंडच्या १८३३ च्या कायद्याबद्दल एका जुन्या टिपणात वाचलं: 'गुलामांना मुक्त करताना दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई देण्यात आली.' हे वाचून दहातले नऊ जण समजतील की भरपाई गुलामांना मिळाली. ती मिळाली मालकांना. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबून घेतलं त्यांचं 'नुकसान' भरून दिलं, आणि राबलेल्यांच्या हातावर एक पैसा पडला नाही. 'ब्रिटिश सरकारने गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंड दिले' इतकं सरळ लिहिलं की कुणाचा गैरसमज होत नाही.

तसंच आदरार्थी बहुवचनाचं. आपल्या पाट्यांवर सरदार 'होते', पेशवे 'आले', पण बटीक 'होती' आणि गुलाम 'पळाला'. मलिक अंबरबद्दलही कितीतरी मराठी लिखाणात 'अंबर शूर होता' असंच येतं, त्याच पानावर बाकी सगळे वजीर 'होते' असतात. या भिंतीवर मी सगळ्यांना सारखं ठेवणार आहे. ज्यांचं नाव माहीत आहे त्या प्रत्येकाला आदरार्थी, मग तो धनी असो की बटीक.

प्रतिसाद

विषय चांगला आहे, पण एक विचारतो. आपल्याकडच्या बटकींना अमेरिकेतल्या गुलामांच्या शेजारी बसवणं बरोबर आहे का? आपल्याकडे गुलामगिरी सौम्य होती. घरच्या माणसासारखं वागवत. गुलाम म्हणून आलेले मलिक अंबर निजामशाहीचे सर्वेसर्वा झाले, असं अमेरिकेत होणं शक्य होतं का? उगाच परक्यांचा अपराध आपण आपल्या अंगावर ओढून घेतोय असं वाटतं.

मूळ विचारणा करणारी

फरक होता, आणि तो पाटीवर येईलच. अटलांटिकपलीकडे सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांत भरली गेली, त्यातली सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. ऊस, कापूस, तंबाखूच्या मळ्यांवर, नफ्यासाठी, कातडीच्या रंगावरून पिढीजात ठरलेली अशी ती गुलामगिरी होती. आपल्याकडे ती मुख्यतः घरातली, वाड्यातली आणि फौजेतली. हे वेगळेपण झाकलं तर दोन्हीकडच्या माणसांवर अन्याय होतो.

पण 'सौम्य' हा शब्द मी लिहिणार नाही. तो धन्याच्या बाजूने बोलतो. 'घरच्यासारखी' यातला 'सारखी' हा शब्द तर सगळं सांगून जातो, कारण घरच्या मुलीला कुणी विकत नाही. मलिक अंबर इथिओपियात जन्मले, लहानपणीच विकले गेले, हातोहात विकले जात दख्खनला आले. अहमदनगरला त्यांना विकत घेणारे चंगीझखान हे निजामशाहीचे पेशवे, म्हणजे मुख्य प्रधान होते. पुढे अंबरांनी मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवलं, खडकी वसवली, जिचं पुढे औरंगाबाद झालं, आणि १६२६ मध्ये ते वारले. हे कर्तृत्व त्यांचं आहे. त्याचं श्रेय त्यांना विकणाऱ्या व्यवस्थेला द्यायचं कारण नाही. अंबर एक झाले, त्यांच्याबरोबर त्याच बाजारातून आलेल्या बाकीच्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत.

परक्यांच्या अपराधाबद्दल बोलायचं तर इथल्या बटकी इथल्याच वाड्यांत होत्या. आणि या दोन गोष्टी शेजारी ठेवणारी मी पहिली नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली याच पुण्यात 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्याग केला. पायात बेडी नसलेल्या शूद्रातिशूद्रांना त्यांनी 'गुलाम' म्हटलं, तेव्हा तो शब्द त्यांनी पूर्ण विचार करून ताणला होता. गंज पेठेत राहणाऱ्या माणसाला जगाचं दुःख आपल्या दुःखाच्या शेजारी दिसत होतं. आपल्याला दीडशे वर्षांनी त्यात अवघडल्यासारखं का व्हावं?

प्रतिसाद (काही वर्षं युरोपात काम करून परतलेल्या)

बाहेर हा वाद शब्दांवरूनच पेटलेला पाहिला आहे, म्हणून लिहिते. ॲमस्टरडॅमच्या रायक्सम्युझियमने २०१५ च्या सुमारास चित्रांच्या जुन्या शीर्षकांतले अपमानकारक शब्द बदलायला घेतले. सिमोन मारिस यांचं एका मुलीचं चित्र आहे. आधी शीर्षकात ती फक्त तिच्या वंशाच्या नावाने ओळखली जायची, नंतर ते 'पंखा घेतलेली तरुण मुलगी' असं झालं. टीकाही झाली, इतिहास पुसताय म्हणून. पण चित्राला हातच लावला नव्हता, बदललं ते चित्राखालचं आपलं बोलणं.

ब्रिस्टलमध्ये एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा १८९५ मध्ये उभारला, तेव्हा त्याखाली हा शहराचा अत्यंत सद्गुणी आणि शहाणा सुपुत्र असल्याचं कोरलं. गुलामांच्या व्यापारातून आलेल्या पैशाबद्दल एक अक्षर नाही. ७ जून २०२० ला लोकांनी तो पाडून बंदरात ढकलला. आता तो तिथल्या एम शेड या संग्रहालयात आडवा ठेवला आहे, अंगावरचा रंग तसाच. उभा केला असता किंवा धुऊन काढला असता तर अर्थ बदलला असता.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते केप टाउनचं स्लेव्ह लॉज. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६७९ मध्ये आपल्या गुलामांना कोंडण्यासाठी बांधलेली ती इमारत. १९६६ पासून तिथे सांस्कृतिक इतिहासाचं संग्रहालय होतं, पण ज्यांच्यासाठी भिंती बांधल्या त्यांचाच पत्ता नव्हता. १९९८ मध्ये इमारतीला तिचं खरं नाव परत दिलं. आणि तिथल्या गुलामांत आपल्याकडून नेलेले लोक पुष्कळ होते. कागदोपत्री त्यांची आडनावं 'बंगालचा', 'मलबारची' अशी आहेत. गाव, घराणं, देव, सगळं गळून किनाऱ्याचं नाव तेवढं उरलं. आपल्या प्रदर्शनात याला एक कोपरा मिळाला तर 'गुलाम म्हणजे आफ्रिकी' हा समज तरी मोडेल.

प्रतिसाद (मोडी कागद वाचणारे)

वरच्या मुद्द्याला जोडून. जुन्या कागदातला शब्द अवतरणात जसाच्या तसा ठेवावा, 'हबशी', 'बटीक', 'निग्रो', जे असेल ते. आपल्या आवाजातल्या ओळीत आजचा शब्द: आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज स्वतःला सिद्दी म्हणवतो, तर आपणही सिद्दी म्हणावं. दोन्हींना वेगळा ठसा द्या, म्हणजे वाचकाला कोण बोलतंय ते कळेल.

आणि आफ्रिकेवरच्या फलकाचा मथळा 'इतिहासातला काळा अध्याय' असा करू नका. सवयीने लिहून जातो आपण. त्या भिंतीपुढे उभं राहून तो कसा वाचला जाईल याचा विचार करा.

प्रतिसाद

शनिवारवाड्यात फिरणाऱ्यांसाठी 'नाटकशाळा' या शब्दावरही कुणीतरी लिहा. जांभूळ दरवाज्यातून नाटकशाळांची ये-जा असे, असं सांगतात. मी अनेकांना विचारलं, सगळ्यांना वाटतं तिथे नाटकगृह होतं.

प्रतिसाद (निवृत्त मराठी शिक्षक)

नाटकशाळा म्हणजे जागा नव्हे, स्त्री. नाचगाण्यासाठी आणि धन्याच्या उपभोगासाठी ठेवलेली. कोशात हा अर्थ आहे, बोलीतून तो गेला. आजच्या वाचकाला शब्द फसवतो, तेव्हा अर्थ द्यायलाच हवा.

त्याच दरवाज्याला नारायण दरवाजा म्हणतात, कारण ३० ऑगस्ट १७७३ ला खून झालेल्या नारायणरावांचे प्रेत तेथून बाहेर नेले असे सांगितले जाते. माझा राग या गोष्टीवर आहे की अठरा वर्षांच्या मुलाचा खून आपण 'काका मला वाचवा'च्या भुताटकीत विरघळवून टाकला. पोरे अमावास्येला हाक ऐकू येते का म्हणून विचारतात. भीती वाटली की दुःख वाटायचे राहून जाते. बटकींची भिंत करताना साखळदंड, चाबूक, अंधार, लाल दिवे असले काही करू नका एवढीच विनंती.

मूळ विचारणा करणारी

सर, नाही करणार. उजेड भरपूर ठेवतोय. मुलांना जात्याचा खुंटा धरून ओढता येईल, पण 'बटीक होऊन बघा' असला खेळ कुणी सुचवला होता तो मी काढून टाकला. कुणाचं भोगणं ही दहा मिनिटांची करमणूक होऊ शकत नाही. पाठीवरचे वळ दिसणारा १८६३ चा अमेरिकेतला फोटो आडोशाच्या आत आहे, बाहेर स्पष्ट सूचना लिहिली आहे, पाहायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता एका क्रियापदावर मत हवं आहे. '१८४३ मध्ये भारतात गुलामगिरी बंद झाली' असं सगळीकडे लिहितात. १८३३ च्या कायद्यातून ब्रिटिश ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. १८४३ च्या पाचव्या कायद्याने मुख्यतः एवढं केलं की माणसावरची मालकी कोर्ट मानणार नाही. गुलामांची खरेदी-विक्री हा गुन्हा झाला तो १८६० च्या दंडसंहितेत. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई केली, आणि तरीही १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा वेगळा कायदा करावा लागला. 'बंद झाली' हे क्रियापद यातल्या कोणत्याच वर्षाला शोभत नाही. मी प्रत्येक वर्षापुढे त्या कायद्याने नेमकं काय केलं तेवढंच लिहितेय.

प्रतिसाद (बीडहून पुण्यात आलेले)

शेवटच्या फलकासाठी एक शब्द देतो. कोयता. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादम विचारतो, यंदा किती कोयते? माणसं किती, असं नाही विचारत. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, ती फिटली नाही तर पुढच्या हंगामाला जावंच लागतं. माझे आई-वडील एक कोयता होते. पाटीवर हा शब्द आला तर आमच्याकडची मुलं तिथे थांबून वाचतील. पण आम्हाला कुणी गुलाम म्हणावं असं मला वाटत नाही, तेही सांगतो.

मूळ विचारणा करणारी

दादा, तुमची परवानगी असेल तर 'नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता' ही ओळ जशीच्या तशी घेते. तिथे 'गुलाम' शब्द येणार नाही. 'वेठबिगार'ही नाही. त्याला कायद्यात ठरलेला अर्थ आहे आणि सरसकट सगळ्या उचलीवर तो चिकटवणं बरोबर नाही. उचल कोण देतं, कशाच्या बदल्यात देतं, ती फिटली नाही तर काय होतं, ही तीन वाक्यं पुरतील. मुकादम आणि कारखाना हे दोन्ही कर्ते म्हणून वाक्यात राहतील. मजकूर छापायला देण्याआधी तुम्हाला वाचून दाखवते. एखादा शब्द खटकला तर त्याच्या जागी तुमच्याकडे काय म्हणतात ते सांगा.